एम-सतरा

पाषाण. मार्चअखेर. रात्रीचे सव्वाअकरा.
टोल्यूइन चौदा तास उकळतंय,
फुग्यातला नायट्रोजन म्हाताऱ्याच्या गालासारखा बसलाय,
आणि पॅलॅडियम, चिमूटभर,
दोन कार्बनांची गाठ घालून देतं
आणि स्वतः काही न घेता बाजूला होतं.
मध्यस्थ असा असावा, शाहीन म्हणते.
तिला स्थळं बघताहेत इचलकरंजीला.

मग कॉलम. सिलिका नाकात, खोकला.
थेंब. थेंब. एकशे बारा परीक्षानळ्या.
पहिला उतरला तो निळा पट्टा, अशुद्धीचा, झगझगीत.
नको असलेलं नेहमी आधी उतरतं,
आणि दिमाखात.

एकेरी बंध, दुहेरी, एकेरी, दुहेरी.
मी ते जोडाक्षरासारखं शिकले :
अर्धं अक्षर शेजारच्यावर रेललं
की उच्चार दोघांचा होतो.
तिथला इलेक्ट्रॉन कुणा एकाचा राहत नाही,
चाळीच्या गॅलरीतल्या पोरासारखा
कुठल्याही दारात जेवतो.
गॅलरी जितकी लांब
तितका रंग निळ्याकडून तांबड्याकडे सरकतो.

हसबनीस मॅडमनी फळ्यावर काढला होता हा रेणू,
मधे एक दुहेरी बंध, भोवती चार पाती,
छताच्या पंख्यासारखा.
"प्रकाशेल," म्हणाल्या, आणि खडू झटकून मीटिंगला गेल्या.

पहाटे तीनला विरघळवला. जांभळ्या दिव्याखाली धरला.
काही नाही.
दिवा जवळ नेला, डोळे चोळले, हात सुद्धा थरथरला,
काही नाही.
वहीत लिहिलं : एम-सतरा. प्रकाश नाही.
खाली दोन रेघा मारल्या, दुसरीनं कागद फाटला.
आई फोनवर विचारते, कधी संपणार गं?
मी सांगते, दिवाळीपर्यंत.
कुठल्या, ते सांगत नाही.

फ्लास्क सिंकमध्ये ठेवला. दिवा बंद करायचा राहिला.

सोपानकाका भिंताडे सातला येतात, सुतारवाडीहून, सायकलवर.
सव्वीस वर्षं काच धुताहेत.
खिडकीला आमचा काळा कागद,
ट्यूब लागायला वेळ घेते,
म्हणून अंधारातच त्यांनी नळ सोडला.

मी टेबलावर डोकं ठेवून झोपले होते.
"बाई," ते म्हणाले, "हे धुऊ का नको?
पेटलंय."

पिवळं-हिरवं. कच्च्या लिंबाच्या सालीसारखं.
फ्लास्कमध्ये, त्यांच्या बोटांवर,
सिंकच्या जाळीत अडकलेल्या थेंबातसुद्धा.

पाती मोकळी असली की फिरत राहतात,
घेतलेली सगळी ऊर्जा फिरण्यात घालवतात.
पाणी पडलं. पाण्याशी त्यांचं जमत नाही,
म्हणून एकमेकांना चिकटले,
सहा आसनी रिक्षात नऊजण बसावेत तसे.
हात हलवायला जागा नाही.
आता ऊर्जेनं जायचं कुठून?
उजेडातून.

हे मी काकांना सांगितलं, उलटसुलट, दात न घासता.
त्यांनी ऐकून घेतलं.
"म्हणजे गर्दी लागते त्याला," म्हणाले.
"आमच्या धाकट्यासारखं. एकटा असला की तोंड उघडत नाही."

नंतर सगळं रीतसर झालं.
मंगळवारी यंत्राची वेळ मिळाली, आलेख आला,
मॅडमनी विचारलं, कार्यक्षमता किती, पुन्हा कर, तीनदा कर.
निबंधात वाक्य असं आहे :
"पाण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवले असता."
नळ पूर्ण सोडला होता, हे लिहायचं नसतं.
काकांचं नाव शेवटी, आभारात,
छापताना आडनावातलं एक अक्षर गेलं.
मी पान दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला,
कागद लांब धरला, घडी करून खिशात ठेवला.

पण त्या सकाळी, अजून कुणालाच काही माहीत नसताना,
ते नुसते उभे होते, हात ओले, हिरवे,
आणि थोड्या वेळाने म्हणाले, बाकीची बेचाळीस भांडी पडलीत, बाई.
तेवढा एक फ्लास्क माझ्याकडे सरकवला
आणि नळ पुन्हा सोडला.